दात आहेत तोवर

(द्वितीय वर्ष, कला)

'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली. आमच्या घरात मात्र ती शब्दशः खरी ठरली. माझी आई डोंबिवलीत चार घरी पोळ्या करायला जाते. तिचे वय ४२ वर्षे. तिच्या तोंडात डाव्या बाजूला एकही दाढ नाही. भाकरी ती आमटीत कुस्करून खाते आणि फोटो काढताना ओठ मिटून उभी राहते. गेल्या वर्षापर्यंत मला याचे काही वाटत नव्हते. आयांचे दात पडतातच, असे मी धरून चालले होते.

गेल्या वर्षी आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दंततपासणी होती. कल्याणचे एक दंतवैद्य दिवसभर मोफत तपासत होते. माझ्याकडे नावे लिहून घेण्याचे काम होते. नाव, वय आणि 'किती दिवसांपासून दुखते?' एवढेच विचारायचे. कोणी म्हणे दोन वर्षे, कोणी म्हणे दिवाळीपासून. पुष्कळजण म्हणत, "मागे फार दुखायचे, आता दुखत नाही." मी तशा लोकांपुढे 'त्रास नाही' असे लिहू लागले. डॉक्टरांनी ते पाहिले आणि मला थांबवले. ते म्हणाले, "दुखायचे थांबले म्हणजे दात बरा झाला असे नाही. बहुधा आतली नस मेलेली असते. या लोकांना आधी पाठव."

घरी आल्यावर मी आईला विचारले. तिचे उत्तरही तेच होते, "मागे दुखायची गं, आता नाही दुखत." त्यानंतर मी या विषयावर वाचले, विचारले आणि आईला घेऊन फिरले. त्यातून जे समजले ते येथे मांडत आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे, वैद्यकाचा अधिकार मला नाही. चूक आढळल्यास जाणकारांनी ती जरूर दाखवून द्यावी.

कीड म्हणजे किडा नव्हे

आपण 'दाताला कीड लागली' म्हणतो, आणि त्या शब्दामुळेच दातात एखादी अळी बसली आहे असे वाटते. माझी आजी मुरबाडकडची. तिच्या लहानपणी गावात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातला किडा पाडणारी माणसे येत. ही समजूत केवळ आपलीच नाही. युरोपातही शतकानुशतके खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी देत. उष्णतेने बी उकलून आतला पांढरा, वळलेला कोंब बाहेर पडे आणि तोच किडा म्हणून दाखवला जाई. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात दातात किडा आढळत नाही, असे स्पष्ट लिहिले. पुढे बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतशास्त्रज्ञ विलोबी मिलर यांनी १८९० साली खरे कारण मांडले.

ते कारण असे. आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जिवाणू असतात. दातावर जो चिकट थर बसतो त्यात ते राहतात. आपण गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला की ते जिवाणू त्यातील साखर खातात आणि आम्ल तयार करतात. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. पण आम्लापुढे तोही विरघळतो. खाल्ल्यानंतर साधारण अर्धा तास हे चालते. मग लाळ आम्ल धुऊन काढते आणि झिजलेल्या कवचात पुन्हा क्षार भरते.

म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा खाल्ली याला अधिक महत्त्व आहे. एकदाच दोन लाडू खाणे दाताला जितके बाधत नाही तितके दिवसभर अर्ध्या अर्ध्या तासाने कटिंग चहा आणि बिस्कीट खाणे बाधते, कारण लाळेला दुरुस्तीला सवडच मिळत नाही. झोपेत लाळ फार कमी होते. त्यामुळे रात्री दात न घासता झोपणे सर्वांत घातक.

चार पायऱ्या

एका दिवसात दात जात नाही. तो चार पायऱ्या उतरून जातो आणि प्रत्येक पायरीवर उपाय वेगळा असतो.

पहिली पायरी म्हणजे दातावर खडूसारखा पांढरा डाग. दुखत काहीच नाही. या वेळी नीट घासणे आणि फ्लोराइड असलेली पेस्ट एवढ्यावर तो डाग थांबू शकतो, भरूनही येतो.

दुसऱ्या पायरीवर कवच फुटून खड्डा पडतो. थंड किंवा गोड लागले की ठणका येतो. येथे कीड कोरून काढून खड्डा भरतात. हे काम बहुधा एका बैठकीत होते. यासाठी वापरतात ते एक सिमेंट, ग्लास आयोनोमर, विल्सन आणि केंट या लंडनच्या शास्त्रज्ञांनी १९७२ च्या सुमारास तयार केले. ते दाताला स्वतःच चिकटते आणि थोडे थोडे फ्लोराइडही सोडत राहते.

तिसऱ्या पायरीवर कीड दाताच्या गाभ्यातील नसेपर्यंत पोचते. रात्री आडवे झाले की दाढ ठणकू लागते. आता वरून भरून भागत नाही. आतली खराब नस काढून, मुळांच्या नळ्या स्वच्छ करून त्या बंद कराव्या लागतात. यालाच रूट कॅनॉल म्हणतात. त्यावर बहुधा टोपी बसवतात. बैठका वाढतात आणि खर्चही.

चौथ्या पायरीवर मुळाशी पू होतो, दात हलतो किंवा पार फुटतो. मग तो काढण्यावाचून पुष्कळदा गत्यंतर नसते. तोंडावर सूज आणि ताप असेल, गिळता येत नसेल किंवा तोंड उघडत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दाताचा पू गळ्यापर्यंत पसरून जिवावर बेतू शकते.

आमच्यासारख्या घरांतून माणूस डॉक्टरकडे जातो तो चौथ्या पायरीवरच. आधी लवंग धरायची, मग औषधाच्या दुकानातून गोळी आणायची, ती पुरेनाशी झाली की दात काढून टाकायचा. काढणे स्वस्त आहे असे वाटते, पण हिशेब तेथे संपत नाही. दाढ गेली की शेजारचे दात त्या मोकळ्या जागेत कलतात, समोरची दाढ खाली किंवा वर सरकते, आणि माणूस एकाच बाजूने चावू लागतो. पुढे कवळी, ब्रिज किंवा हाडात बसवायचा कृत्रिम दात, यांतले काही करायचे म्हटले तर भरण्याच्या कितीतरी पट खर्च येतो. म्हणजे ज्याच्याकडे पैसा कमी, त्यालाच सर्वांत महाग पायरीवर उभे राहावे लागते.

राखुंडी, मिश्री आणि पेस्ट

आमच्या घरात आजी मिश्री लावते, बाबा राखुंडीने घासत आणि मी पेस्ट वापरते. एका खोलीत तीन पिढ्या आणि तीन पद्धती! राख, कोळसा, विटेची भुकटी यांनी दात पांढरे दिसतात खरे, पण त्यांची खर कवच घासून टाकते. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी चावून मऊ करून घासली तर दात स्वच्छ होतात, मात्र त्यातून फ्लोराइड मिळत नाही.

दंतमंजनाचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली सुरू केलेल्या विको कंपनीचा कारखाना डोंबिवलीत आहे. तिच्या वज्रदंतीने आयुर्वेदिक मंजन घरोघरी नेले. मंजन असो वा पेस्ट, विकत घेताना वेष्टनावर फ्लोराइड लिहिले आहे का ते पाहावे, एवढेच माझे सांगणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइड टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. मात्र फ्लोराइड पोटात जास्त जाणे वाईट. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही ठिकाणी भूजलातील जादा फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. म्हणून तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्याहून मोठ्याला वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी व थुंकायला शिकवावे.

मिश्रीची गोष्ट वेगळी. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. 'मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते' असे आजी म्हणते. पण हिरडीवाटे तो तंबाखू शरीरात जातोच. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरी मिश्रीचा डबा घराघरांत आहेच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंड कमी उघडणे यांपैकी काही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नये.

काही समजुती

वरची दाढ काढली की नजर जाते, असे आमच्या चाळीत ठामपणे सांगतात. दाताची नस आणि दृष्टीची नस या दोन वेगळ्या नसा आहेत. दाढ काढल्याने डोळा जात नाही.

दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, ही दुसरी समजूत. दातांवर कीटण साचून कडक झाले की हिरडी सुजते आणि आतले हाड झिजते. दात तेव्हाच सैल झालेला असतो. कीटणाने त्याला धरून ठेवल्यासारखे वाटते, इतकेच. ते काढल्यावर जुने नुकसान उघडे पडते.

तिसरी समजूत अशी की दुधाचे दात पडणारच, मग त्यांची काळजी कशाला? दुधाचा दात खालच्या पक्क्या दाताची जागा राखतो. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे जी दाढ येते ती दुधाची नसून पक्की असते. ती पडून पुन्हा येत नाही. माझ्या आईची पहिली गेलेली दाढ हीच होती.

जायचे कुठे?

आपल्या स्टेशन रस्त्यांवर दवाखान्यांच्या पाट्या पुष्कळ आहेत. ज्यांना तो खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलजवळ महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर गाडीने नेरूळला गेल्यास तेथेही दंत महाविद्यालये आहेत, खारघरलाही आहेत. अशा ठिकाणी विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. त्यामुळे शुल्क कमी पडते, पण वेळ जास्त लागतो. जवळच्या जवळ ठाण्याचे विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय येथे दंतवैद्य बसतात का व कोणत्या दिवशी, हे आधी खिडकीवर विचारावे.

लहान मुलांसाठी आणखी एक सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे सुरू झाला. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. अंगणवाडी आणि सरकारी शाळांतील मुलांच्या तपासणीत किडलेले दातही पाहतात. आपल्या धाकट्या भावंडांच्या शाळेत पथक कधी येते याची चौकशी पालकांनी जरूर करावी.

खाड्याचा हिशेब

मी आईला अशाच एका दंत महाविद्यालयात नेले. पहाटेच्या गाडीने कल्याणहून निघालो. केसपेपर मी भरला, आई म्हणाली, "तू शिकलीस ते आज कामाला आले." उजवीकडची एक दाढ तिसऱ्या पायरीवर होती. तपासणारी मुलगी माझ्याहून तीन-चार वर्षांनीच मोठी असेल. आईने विचारले, "डॉक्टरीणबाई, दाढ राहील का?" ती म्हणाली, "राहील मावशी, पण चार-पाच वेळा यावे लागेल."

परतीच्या गाडीत आई गप्प होती. उपचाराचे पैसे थोडे होते, पण पाच वेळा जायचे म्हणजे पाच खाडे. चार घरांचे काम बुडणार. तिसऱ्या खेपेला एका घरी तिला सांगण्यात आले की असेच चालले तर दुसरी बाई पाहू. आई म्हणाली, "काढूनच टाकू दे. एका दिवसात मोकळी होते." तेव्हा मला कळले की माणूस केवळ अज्ञानाने दात काढत नाही. पुष्कळदा त्याला ठाऊक असते, पण खाडा परवडत नाही. शेवटी उरलेल्या दोन दिवशी मी महाविद्यालय बुडवून तिच्या घरी पोळ्या केल्या आणि आई एकटी गेली. दाढ राहिली. (माझ्या त्या दोन गैरहजेऱ्यांचे कारण आमच्या सरांना आज कळेल!)

म्हणून ज्यांच्याकडे शक्य आहे त्यांनी दवाखाने संध्याकाळी उशिरा व रविवारी चालवावेत, शिबिरे कामकऱ्यांच्या सुटीच्या दिवशी घ्यावीत आणि शिबिरात तपासलेल्या माणसाला पुढे कुठे जायचे ते चिठ्ठीवर मराठीत लिहून द्यावे. जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचे विकार आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात म्हटले आहे. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे आपण विद्यार्थी काय करणार? पण आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिलेच महाविद्यालयात आलेले आहेत. निदान आपल्या घरातल्या धाकट्याची सहाव्या वर्षाची दाढ आरशापुढे उभे करून पाहावी, आणि 'आता दुखत नाही' म्हणणाऱ्या आईला एकदा तोंड उघडायला सांगावे.

आजीची मिश्री अजून सुटलेली नाही. प्रयत्न चालू आहे.