‘फाइल उडाली’ म्हणण्यापूर्वी

‘फाइल उडाली’ हे उद्गार माझ्या कानी इतक्यांदा पडले आहेत, आणि त्यानंतर ती फाइल जागच्या जागी सुखरूप असल्याचे मी इतक्यांदा पाहिले आहे, की या समजुतीचा एकदा सविस्तर परामर्श घेणे अगत्याचे झाले आहे. संगणकाच्या शोधचौकटीत चार अक्षरे टंकावीत, ‘काही सापडले नाही’ असे उत्तर यावे, आणि तेवढ्या पुराव्यावर फाइल नष्ट झाल्याचा निकाल द्यावा, हे चांगल्या व्यवहारदक्ष माणसांच्याही हातून घडते. माझ्या परिचयाच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसांनी तर याच निकालावर विसंबून तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्ते छापील नकलांवरून पुन्हा टंकून घेतली. पुढे भलत्याच कामासाठी डी ड्राइव्ह उघडला, तेव्हा मूळ फाइल तेथेच होती.

ज्या चौकटीच्या शब्दावर इतका विश्वास टाकला जातो, ती प्रत्यक्ष डिस्कच्या दप्तरखान्यात पाऊलच टाकत नाही. कारकुनाने आगाऊ करून ठेवलेली फेरिस्त तेवढी चाळते. या फेरिस्तीला इंडेक्स म्हणतात. विंडोजमध्ये ती कोणत्या जागांची होते, हे मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेले आहे: मूळच्या ‘क्लासिक’ व्यवस्थेत डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक यांसारखी फोल्डरे आणि डेस्कटॉप, इतकाच तिचा अंमल. आपल्याकडे मात्र महत्त्वाचे कागद ‘सी बिघडला तरी राहावेत’ म्हणून डी ड्राइव्हवर ठेवण्याची रीत आहे, आणि तो प्रांत या फेरिस्तीच्या हद्दीबाहेर पडतो. फाइल एक्सप्लोररमध्ये डी ड्राइव्ह उघडून तेथूनच शोध घेतला, तर विंडोज एकेक फोल्डर चाळते खरे. परंतु तेव्हाही ते फाइलींची नावे पाहते, आतला मजकूर वाचत नाही, आणि मजकूरही वाचावा अशी इच्छा असेल तर पर्यायांत तशी खूण करून द्यावी लागते. संपूर्ण संगणकाची सूची करणारी ‘एनहान्स्ड’ व्यवस्था २०१९ सालच्या विंडोज १० पासून उपलब्ध आहे. पण ती ज्याची त्याने निवडायची असते.

खऱ्या दप्तराचेच उदाहरण घ्या: पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद रुमालांत बांधलेले वर्षानुवर्षे होतेच. इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, तेव्हा ते कागद काही नव्याने जन्मास आले नाहीत. फेरिस्तीत नोंद नसणे आणि दप्तरात कागद नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे जुन्या दप्तरदारास सांगावे लागत नसे. आज ते संगणक वापरणाऱ्यांस पुनःपुन्हा सांगावे लागते, याचा मला मनापासून खेद होतो.

मराठी लिहिणाऱ्यांच्या वाट्यास याहून अवघड असा एक अडसर आला आहे, आणि त्याची वाच्यता फारशी कोणी करीत नाही. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर आपल्या डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण फाइलीच्या पोटात तो रोमन अक्षरे आणि चिन्हे यांच्याच रूपाने साठवलेला असतो; देवनागरीचा पेहराव त्यास केवळ फॉन्ट चढवतो. कृतिदेवमधील ‘करार’ हा शब्द संगणकाच्या लेखी डी, जे, के, जे अशी चार रोमन अक्षरे आहे. अशा फाइलीत युनिकोडमधला ‘करार’ शोधणाऱ्यास तो जन्मात सापडणार नाही, आणि दोष फाइलीचाही नाही, शोधयंत्राचाही नाही. तोडगा साधा आहे: कळफलक इंग्रजीवर ठेवून, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात तो शब्द टंकताना ज्या कळा दाबल्या असत्या त्याच शोधचौकटीत दाबाव्यात. चौकटीत निरर्थक रोमन अक्षरे उमटतील, ती तशीच राहू द्यावीत. शब्द मात्र असा निवडावा, की ज्याच्या कळांत कंस किंवा स्वल्पविराम येत नाही. कारण सूची करणारे यंत्र अशा चिन्हापाशी शब्द तोडते. स्कॅन केलेल्या पीडीएफची गोष्ट निराळी. ते कागदाचे छायाचित्र असते आणि त्यावर अक्षरओळखीचा संस्कार झाल्याखेरीज त्यात शोधण्याजोगा एकही शब्द नसतो.

किरकोळ गैरसमज थोडक्यात आटोपतो. इंडेक्स नव्याने बांधल्याने फाइली पुसल्या जात नाहीत. फेरिस्त फाडून नवी लिहिली म्हणून कोणी रुमाल जाळीत नाही. फाइलीचे संपूर्ण नाव आठवलेच पाहिजे असेही नाही; नावाचा आठवेल तो तुकडा, अज्ञात भागाच्या जागी तारका, आणि बदल केल्याची अदमासे तारीख एवढ्यावर भागते. मॅक आणि लिनक्स सूचीवर विसंबण्याच्या या दोषापासून मुक्त आहेत हेही खरे नव्हे: ॲपलची २००५ पासूनची स्पॉटलाइट सूचीवरच चालते, आणि लिनक्सवरील ‘लोकेट’ ही आज्ञा पूर्वी कधीतरी केलेल्या नोंदींतूनच उत्तर देते, प्रत्यक्ष डिस्क धुंडाळते ती ‘फाइंड’.

विंडोजवरही प्रत्यक्ष डिस्कला विचारण्याची सोय आहे. कमांड प्रॉम्प्टमधील ‘डीआयआर’ ही १९८१ च्या डॉसपासून चालत आलेली आज्ञा. तिला तिरकी रेघ आणि एस जोडले, की ती पोटातल्या सर्व फोल्डरांसह चाळते. लपवलेल्या फाइलीही हव्या असतील तर त्याच रीतीने ए जोडावे. ज्यांना काळ्या पडद्याचा धाक वाटतो त्यांनी ‘एव्हरीथिंग’ हे विनामूल्य साधन घ्यावे. ते एनटीएफएस डिस्कचा मूळ नोंदतक्ताच वाचते, आणि म्हणूनच दहा लाख फाइलींच्या नावांची सूची सुमारे एका मिनिटात होते असे त्याचे निर्माते सांगतात. एवढी विलक्षण गती पाहून कोणास शंका आली, तर तिचे कारण फाइली न उघडण्यात आहे.

माझी विनंती एवढीच, की शोधचौकटीच्या नकारावरून कोणीही विंडोज नव्याने बसवू नये, डिस्क फॉरमॅट करू नये. फाइल खरोखरच पुसली गेली असेल, तर जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर तिची जागा केवळ मोकळी म्हणून नोंदलेली असते आणि त्या जागेवर नवे लेखन होईपर्यंत ती परत मिळण्याची आशा उरते. ती आशा आपणच घाईने मोडू नये. आधी रीसायकल बिन पाहावा, मग डी ड्राइव्ह, मग ‘डीआयआर’.