असं का? : चालतं कुंपण

राखोलीत एखाद्या कारखान्याच्या फाटकावर अल्सेशियन दिसला, तर त्याची पाठ पाहा. बहुधा मागे उतरती असेल. मुळात ती तशी नव्हती. ही जात मूळची जर्मनीतली, आणि तिथे शेतांना कुंपण नसे. मेंढरं पिकात शिरू नयेत म्हणून हा कुत्रा दिवसभर कळपाच्या कडेने दुडक्या चालीने येरझारा घाली, जणू चालतं कुंपणच. त्यासाठी अंग उंचीपेक्षा किंचित लांब हवं. मागचे पाय रेटतात, भक्कम पाठ तो रेटा पुढे पोचवते, पाऊल लांब पडतं आणि दम टिकतो. १८९९मध्ये माक्स फॉन श्टेफानिट्स यांनी होरांड हा कुत्रा निवडून जातीची नोंदवही उघडली. त्यांना रूपापेक्षा काम मोलाचं. उतार ही नंतरच्या प्रदर्शनांची हौस! आपल्या धनगरांचा कुत्रा मात्र मुख्यतः राखणदार: लांडग्यावर भुंकणं त्याचं, मेंढरं वळवणं धनगराच्या हाकेचं.