आधी कार्ड उलटा!

सनसेटचा फोटो स्टोरीला टाकायला आपल्याला दोन सेकंद पुरतात. शंभर वर्षांपूर्वी हे काम पिक्चर पोस्टकार्ड करायचं. मुंबई बघायला आलेला पाहुणा मलबार हिलवरून दिसणाऱ्या समुद्राचं कार्ड घ्यायचा, दोन ओळी खरडायचा आणि टपालपेटीत टाकायचा. अशी कार्डं जमवण्याच्या छंदाला म्हणतात डेल्टिऑलॉजी. नाव भारदस्त, पण सुरुवात एकदम सोपी.

एकच जागा निवडा. समजा, हँगिंग गार्डन, म्हणजेच फिरोजशहा मेहता उद्यान. कार्ड हातात आलं की करा थोडी डिटेक्टिव्हगिरी. वर्ष बहुतेकदा छापलेलं नसतंच, म्हणून आधी कार्ड उलटा. मागे मधोमध रेघ आहे? एकीकडे मजकूर, दुसरीकडे पत्ता ही सोय ब्रिटनमध्ये १९०२ साली आली, मग इतरत्र पसरली. त्याआधी मागे फक्त पत्ता असायचा. मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. तिकिटावर सातवा एडवर्ड असेल, तर त्याची कारकीर्द १९०१ ते १९१०. टपालाचा शिक्का वाचता आला, तर सोन्याहून पिवळं!

आता चित्र बघा. चौपाटीपासून पुढे मरीन ड्राइव्हची कमान दिसत नसेल, तर फोटो त्या रस्त्याच्या आधीचा. पण सांभाळून! जुनाच फोटो वर्षानुवर्षं छापला जायचा आणि रंगही अनेकदा छापखान्यात भरले जायचे. त्यामुळे फुलांच्या लालीवर फार विश्वास नको.

हा नुसता टाइमपास नाही. हँगिंग गार्डन पाण्याच्या जलाशयावर वसलंय. २०२३ मध्ये तो जुना जलाशय पाडून नवा बांधायचा प्रस्ताव चर्चेत आला, तेव्हा बागेवर आणि झाडांवर गदा येईल म्हणून नागरिकांनी विरोध केला. अशा वेळी 'इथे आधी काय होतं?' या प्रश्नाला हातभर भाषणापेक्षा वीतभर कार्ड जास्त नेमकं उत्तर देतं.

म्हणून कार्ड डिंकाने वहीत चिकटवू नका, लॅमिनेट तर मुळीच नको. मागचा अर्धा इतिहास कायमचा झाकला जातो. पारदर्शक पाकिटात ठेवा, कुठून मिळालं ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. शोधायला चोर बाजार आहे, तिकिटांची प्रदर्शनं आहेत. पण त्याआधी घरातली जुनी ट्रंक उघडा. रद्दीवाला येण्याआधी!