अननसाच्या कुळांतील कुंडीचीं झाडें व त्यांच्या पानांचीं करपणारीं टोंकें

घरांत ठेवण्याकरितां लोक जीं शोभेचीं झाडें विकत नेतात, त्यांत ब्रोमेलियाड नांवाचीं झाडें आतां पुष्कळ दिसूं लागलीं आहेत. गझमानिया, व्रीसिया, एकमिया, निओरेजेलिया हीं त्यांतील विशेष प्रचारांतील नांवें होत. नांवें परकीं वाटलीं तरी कूळ आपणांस अपरिचित नाहीं. पोर्तुगीज लोकांनीं सोळाव्या शतकांत या देशांत आणलेला अननस याच कुळांतला आहे. खडकवासल्याच्या बाजूस व पुण्याच्या भोंवतालीं जे कोणी रोपवाटिका चालवितात, त्यांना या झाडाची एक खोड चांगली ठाऊक असेल. झाड हिरवेंगार, फुलोरा लालभडक, पण पानांचीं टोंकें तपकिरी होऊन वाळलेलीं. असें झाड गिऱ्हाईक हातांत घेऊन पुन्हां खालीं ठेवतें. फुलोरा येईपर्यंत झाडावर एक-दोन वर्षें खर्च झालेली असतात; ती सर्व मेहनत बोटभर वाळक्या टोंकापायीं वायां जाते.

रोगाचें नांव शोधण्यापूर्वीं झाडाची राहणी समजून घेतली पाहिजे. या कुळांतील पुष्कळशीं झाडें मूळचीं अमेरिकेंतील उष्ण प्रदेशांच्या जंगलांत मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर राहणारीं आहेत. तीं बांडगुळाप्रमाणें दुसऱ्याचा रस शोषीत नाहींत. केवळ आधार घेतात. मुळांचें मुख्य काम फांदी धरून ठेवण्याचें. पानें एकमेकांत बसून मध्यें जो पेला तयार होतो त्यांत पावसाचें पाणी सांचतें, आणि पानांवरील बारीक खवले तें पाणी व त्यांत विरघळलेलें अन्न शोषून घेतात. पावसाच्या पाण्यांत क्षार जवळजवळ नसतात, ही गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. घायपातीसारखें दिसतें म्हणून कित्येक लोक हें झाड काळ्या मातींत लावतात व वर बोअरचें पाणी घालतात. घायपात बांधावर खडकांत वाढते. तिची गोष्ट निराळी आहे.

टोंकें करपण्याचीं कारणें अनेक आहेत. परंतु आमच्या भागांत पहिला संशय पाण्यावर घ्यावा. धरण उशाशी आणि कोरड घशाशी अशी येथील पुष्कळ वस्त्यांची स्थिति आहे. मुठेचें धरणांतील पाणी सह्याद्रीवरील पावसाचें असल्यानें तें बरेंच मृदु असतें. पण जेथें नळ पुरत नाहीं तेथें बोअर किंवा टँकर आला, आणि काळ्या कातळांतून आलेलें बोअरचें पाणी बहुधा जड असतें. पान आपल्या अंगांतील पाणी हवेंत सोडतें व क्षार मात्र मागें ठेवतें. हे क्षार टोंकाशीं सांचतात व तेथील भाग जाळतात. पेल्यांतही तेंच घडतें. पाणी उडून जातें, क्षार राहतात, आपण वर पुन्हां पाणी घालतों, आणि खात्यावर बाकी चढत जाते. परीक्षा सोपी आहे. एक तांब्या पाणी स्वच्छ पातेल्यांत आटवून पाहावें. बुडाशीं पांढरा थर दाट बसला तर तें पाणी या झाडास देऊं नये.

पावसाळ्यांत पन्हाळीखालीं पिंप ठेवून पाणी सांठवावें व तें झांकून ठेवावें. पहिल्या एक-दोन सरींचें पाणी धूळ धुवून येतें, तें सोडून द्यावें. हें न साधल्यास नळाचें पाणी एक दिवस उघडें ठेवून वापरावें, म्हणजे साधा क्लोरीन उडून जातो; क्षार मात्र अशानें जात नाहींत. जड पाणी उकळून निवविल्यास त्यांतील कांहीं चुना खालीं बसतो. घरोघरीं पाणी शुद्ध करणारीं जीं यंत्रें आहेत त्यांतून बाहेर पडणारें टाकाऊ पाणी काटकसर म्हणून कुंड्यांना घालतात. काटकसर स्तुत्य आहे, पण त्या पाण्यांत गाळलेले सर्व क्षार एकवटलेले असतात. या झाडाला तें विषाप्रमाणें समजावें. मिठाच्या साहाय्यानें मृदु केलेलें पाणीही नको.

तांब्याचें या कुळाशीं हाडवैर आहे. द्राक्षांवर किंवा सुपारीवर मारावयाचें मोरचूद व चुन्याचें बोर्डो मिश्रण या झाडांवर चुकूनही उडूं देऊं नये. त्याच पंपानें दुसरें औषध मारावयाचें झाल्यास पंप आधीं नीट धुवावा. रात्रभर तांब्याच्या भांड्यांत ठेवलेलें पाणी माणसानें खुशाल प्यावें, झाडाच्या पेल्यांत ओतूं नये.

दुसरें मोठें कारण कोरडी हवा. चैत्र-वैशाखांत येथें दुपारीं ओलें धोतर घटकाभरांत वाळतें. तशा हवेंत पंख्याखालीं ठेवलेल्या झाडाचीं टोंकें वाळल्यास नवल नाहीं. झाड पंख्याच्या झोतांतून काढावें, परातींत खडे व थोडें पाणी घालून कुंडी त्या खड्यांवर ठेवावी. बूड पाण्यांत बुडूं देऊं नये. सकाळीं मृदु पाण्याचा फवारा द्यावा. पश्चिमेच्या खिडकींतील ऊन लागल्यास टोंकाऐवजीं पानाच्या मध्यावर फिकट डाग पडतो व मग तो तपकिरी होतो. अशा वेळीं जागा बदलावी. खत द्यावयाचें तर बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्शानें, तेंही उन्हाळा-पावसाळ्यांत व कुंडींतच. कुंडींत नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा व विटांचे खडे घालावेत. पाणी अडून मुळें कुजलीं तरी टोंकें प्रथम तपकिरीच होतात. मधलीं पानें हलक्या हातानें ओढल्यास सुटून आलीं व दुर्गंधि आली, तर गाभा कुजला असें समजावें.

करपलेलें टोंक पुन्हां हिरवें होत नाहीं. धारदार कात्री स्पिरिटानें पुसून पानाच्या मूळ आकाराप्रमाणें निमुळतें कापावें, व वाळक्या भागाची दोऱ्याएवढी कड शिल्लक ठेवावी. जिवंत भागांत कापल्यास तेथून पुन्हां वाळणें सुरू होतें. त्यानंतर पेला पालथा करून रिकामा करावा, दोन-तीन वेळां मृदु पाण्यानें विसळावा व पुन्हां भरावा. हें काम दर आठवड्यास झालेंच पाहिजे, कारण त्यांत झाडापेक्षां मोठा प्रश्न आहे. डेंग्यूचा डांस असल्याच स्वच्छ सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. घरांत लहान मुलें असल्यास हा वार चुकवूं नये. रोपवाटिकेंत शेंकडों पेले असतात. तेथें नळीच्या जोरदार धारेनें जुनें पाणी बाहेर काढावें.

एक गोष्ट गिऱ्हाइकास विकतांनाच सांगावी. हें झाड जन्मांत एकदांच फुलतें. फुलोरा सरल्यावर आईचीं पानें टोंकाकडून वाळूं लागतात तें वार्धक्य होय. त्यावर औषध नाहीं, आणि विकणाऱ्यानें फसविलें असेंही नाहीं. तिच्या बुडाशीं पिलें फुटतात. पिलूं आईच्या निम्म्याएवढें झालें म्हणजे स्वच्छ सुरीनें मुळासकट वेगळें करावें, जखम दिवसभर सांवलींत सुकूं द्यावी, आणि लहान कुंडींत बसवून तें डळमळणार नाहीं असा काडीचा आधार द्यावा.