शिट्टी एकच, दाह वेगळे

श्वास सोडताना लहान मुलाच्या छातीतून येणारा शिट्टीसारखा आवाज, म्हणजेच घरघर, ही श्वासनलिका अरुंद झाल्याची खूण. आतले अस्तर सुजते, चिकट स्राव साचतो, भोवतीचे स्नायू आवळतात. बाळाच्या नलिका मुळातच बारीक. हवा संथ वाहत असताना नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर अडथळा दुपटीने नव्हे, सोळा पटींनी वाढतो. त्यामुळे साध्या सर्दीतही पोट उडू लागते, बरगड्यांमधली त्वचा आत ओढली जाते आणि घरात ‘बाळदमा’ हा शब्द उच्चारला जातो.

तो बऱ्याचदा घाईचा ठरतो. अमेरिकेतील टूसॉन येथे १९८० साली सुरू झालेल्या अभ्यासात हजाराहून अधिक नवजात बालकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. १९९५ मध्ये फर्नांडो मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या तीन वर्षांत सुमारे एक तृतीयांश मुलांना घरघर झाली. त्यांतल्या जवळपास ६० टक्के मुलांची ती सहाव्या वर्षापर्यंत थांबली होती. थांबलेल्यांची फुप्फुसक्षमता आजारपणाआधीच, जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांतही कमी होती. अशा मुलांच्या आया धूम्रपान करणाऱ्या असण्याचे प्रमाणही जास्त आढळले.

दाहाच्या बाबतीतही सर्दीतली घरघर आणि ॲलर्जीचा दमा एकसारखे नाहीत. आरएसव्ही किंवा ऱ्हायनोव्हायरस हा विषाणू अस्तराच्या पेशींना इजा करतो, त्या पेशी रासायनिक इशारे सोडतात आणि मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी गोळा होतात. संसर्ग ओसरला की हा दाहही बहुधा ओसरतो. ॲलर्जीच्या दम्यात मात्र झटका नसतानाही इओसिनोफिल आणि मास्ट पेशी श्वासनलिकांत ठाण मांडून असतात. अर्थात सीमारेषा पक्की नाही: शाळकरी दमेकरी मुलांच्याही बहुतेक झटक्यांना सुरुवात करून देतो तो विषाणूच, आणि त्यांत ऱ्हायनोव्हायरस आघाडीवर असतो.

उपचारांचे उलटसुलट अनुभव इथे उलगडतात. साल्ब्युटामॉल हे औषध स्नायू सैल करते, सूज उतरवत नाही. सूज उतरवणारी स्टेरॉइड इओसिनोफिलवर चांगली चालतात, न्यूट्रोफिलवर फारशी नाहीत. ब्रिटनमध्ये १० महिने ते ५ वर्षे वयाच्या सुमारे ७०० मुलांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विषाणूजन्य घरघरीसाठी तोंडावाटे दिलेल्या प्रेडनिसोलोनमुळे रुग्णालयातला मुक्काम कमी झाला नाही. उलट ज्या लहानग्यांना हवेतल्या घटकांची ॲलर्जी आहे आणि ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल प्रति मायक्रोलिटर ३०० किंवा त्याहून अधिक आहेत, त्यांना रोजच्या स्टेरॉइड पंपाचा लाभ सर्वाधिक दिसला.

पंपाची ‘सवय लागते’ ही भीती मराठी घरांत जुनी आहे. २००६ मधील एका अमेरिकी चाचणीत दम्याची शक्यता अधिक असलेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांना दोन वर्षे स्टेरॉइड पंप दिला गेला. तो चालू असेपर्यंत त्रास कमी राहिला. बंद केल्यानंतरच्या वर्षात पंप घेतलेली आणि न घेतलेली मुले सारखीच ठरली. पंप दाह आवरतो, पुढे होणारा दमा टाळत नाही.