लिहिणारी आणि पुसणारी विकरे

२०२० सालच्या कोरोनाकाळात बीड जिल्ह्यातील रुग्णांच्या नाकाघशातील स्रावाचे नमुने अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात तपासले जात. असे नमुने बर्फाच्या पेटीतून न्यावे लागतात. कारण ज्यावरून हा विषाणू ओळखतात, तो आरएनए फार लवकर मोडतो. पेटी उन्हात तापली, तर बाधित रुग्णाचाही अहवाल ‘निगेटिव्ह’ येण्याचा धोका असतो.

आरएनएचे हे अल्पायुष्य दोष नव्हे. ती जीवनाची गरज आहे. पेढीची मूळ खातेवही तिजोरीत राहते, गोदामात जाते ती मालाची चिठ्ठी. पेशीतील डीएनए ही खातेवही, तर आरएनए ही चिठ्ठी. आरएनए पॉलिमरेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, खातेवहीतील हवा तेवढाच मजकूर वाचते आणि एकेक घटक जोडून चिठ्ठी लिहिते. चिठ्ठीबरहुकूम प्रथिने तयार होतात. काम सरल्यावर ती फाडली नाही, तर नको असलेला माल निघतच राहील. म्हणून रायबोन्यूक्लिएज नावाची विकरे तिचे तुकडे करतात आणि सुटे घटक पुन्हा उपयोगी पडतात. जिवाणूंमध्ये अशी चिठ्ठी बहुधा काही मिनिटे टिकते, माणसाच्या पेशीत साधारण काही तास.

यांपैकी लिहिणारे कोण आणि पुसणारे कोण, हे ओळखणे सोपे नव्हते. १९५५ साली मारिआन ग्रुनबर्ग-मानागो आणि सेव्हेरो ओचोआ यांनी परीक्षानळीत आरएनए जोडणारे एक विकर प्रसिद्धीस आणले. १९५९ च्या नोबेल पारितोषिकात ओचोआंचा वाटा होता. पुढे उलगडले ते वेगळेच: जिवंत पेशीत हे विकर मुख्यत्वे आरएनए मोडते! तरीही तो शोध वाया गेला नाही. त्याच विकराने घडविलेल्या कृत्रिम आरएनएच्या साहाय्याने जनुकीय संकेताचे पहिले अक्षर वाचता आले.

पुसणारी विकरे माणसाच्या त्वचेवरही असतात आणि ती चिवट असतात. काही तर उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ हातमोजे वारंवार बदलतात. तेथे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे तिसरे विकर विषाणूच्या आरएनएवरून टिकाऊ डीएनएची प्रत काढते आणि मग तपासणी पुढे सरकते.

पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने आरएनएवर आधारित लस घडविली. तिला २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. आरएनए टिकावा म्हणून ती कोरड्या भुकटीच्या रूपात २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवता येते. अशी लस आपली जनुके बदलील, ही भीती अनेक घरांत होती. परंतु चिठ्ठीने खातेवही बदलत नाही. लसीतील आरएनए डीएनए असलेल्या केंद्रकात शिरत नाही. बाहेरच निरोप पोहोचवितो आणि काम झाल्यावर पेशीतील विकरे त्याचे तुकडे करतात.