होला घरटं का सोडतो?

कुवेतमधल्या जाब्रियातल्या इमारतींत एसीच्या बाहेरच्या युनिटमागे किंवा बाल्कनीतल्या कुंडीत होल्याने चार काड्या टाकल्या, की घरात काही वाक्यं ठरलेली असतात. त्यांतली बरीचशी होल्यावर अन्याय करणारी आहेत.

गैरसमज : माणसाच्या हाताचा वास लागला की पक्षी अंडी टाकतो.

वस्तुस्थिती : कारण वास नव्हे, धोका. सतत कुणी डोकावत राहिलं की पक्ष्याच्या शरीरावर ताण येतो आणि त्याला अंड्यांवर बसवून ठेवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक घटू शकतं. अंडी ताजी असतील तर तो लवकर माघार घेतो. पिल्लं मोठी झाली असतील तर चिवटपणे टिकतो, कारण तोवर बरीच मेहनत खर्ची पडलेली असते आणि पिल्लं उडण्याच्या बेतात असतात.

गैरसमज : अंडी टाकून जाणारे आईबाप निष्ठुर.

वस्तुस्थिती : होल्याची जोडी बहुधा दोन अंडी घालते, नर-मादी आळीपाळीने सुमारे दोन आठवडे उबवतात आणि वर्षात अनेकदा वीण होते. आईबापच मेले तर ही पिल्लं जातातच, पुढची सगळीही जातात. आजची वीण की उद्याची, हा तोल जॉर्ज विल्यम्स या जीवशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये नेमकेपणाने मांडला. पक्षी हिशेब करत बसत नाही. नैसर्गिक निवडीने ती वागणूक त्याच्या अंगात मुरवली आहे.

गैरसमज : जितकी पिल्लं जास्त, तितका वंश मोठा.

वस्तुस्थिती : स्वीडनच्या गॉटलंड बेटावर माशीमार पक्ष्यांच्या घरट्यांत जादा पिल्लं ठेवून पाहिली, तेव्हा त्या आईबापांची पुढची वीण रोडावली. नेदरलँड्समध्ये जादा पिल्लं पोसणारे खरूची पक्षी पुढच्या हिवाळ्यात अधिक संख्येने मेले. होल्याचंही तसंच; तो पिल्लांना गळ्याच्या पिशवीतलं ‘दूध’ भरवतो. ते दोन पिल्लांना पुरेल इतकंच असतं.

गैरसमज : सगळ्या प्राण्यांचा तोल सारखाच.

वस्तुस्थिती : कुवेतच्याच बुबियान बेटावर क्रॅब प्लोव्हर हा पक्षी वाळूत बीळ खोदून एकच मोठं अंडं घालतो. याउलट पॅसिफिकमधले बहुतेक सॅमन मासे एकदाच अंडी घालतात आणि मरतात.

म्हणून बाल्कनीत घरटं दिसलं तर ते हलवू नका. पिल्लं उडेपर्यंत त्या कोपऱ्यातली झाडलोट आणि एसीची सर्व्हिसिंग पुढे ढकला, पडदा ओढून घ्या. धोका कमी वाटला, तर या विणीवर टिकून राहणंच होल्याच्या फायद्याचं असतं.